आधी अंदाज, मग रन: सर्किट सिम्युलेशनची सुरुवात

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं दिसायला लागतात. हातात पार्टची यादी असते, आणि दुकानदारानं एखादा उलटा प्रश्न विचारला की सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यातली बरीचशी मंडळी आठवड्याभरात तेच ट्रान्झिस्टर न्यायला परत येणार, हे काउंटरपलीकडच्या काकांना ठाऊक असतं. जळालेल्या पार्टांचे पैसे फारसे नसतात. वाया जातो तो वेळ. सर्किट चाललं नाही तर दोष डिझाइनमध्ये आहे, जोडणीत आहे, की ब्रेडबोर्डच्या एखाद्या सैल भोकात, हे शोधता शोधता रात्र जाते. सिम्युलेशन, म्हणजे सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून बघणं, यातली निदान डिझाइनची शंका आधीच फेडून टाकतं.

मात्र त्यासाठी ते वापरायची एक पद्धत आहे. बहुतेक जण इंटरनेटवरून सर्किट उचलतात, सॉफ्टवेअरमध्ये काढतात, रनचं बटण दाबतात आणि जो ग्राफ येईल तो रिपोर्टमध्ये चिकटवतात. तो ग्राफ चुकीचा असला तरी त्यांना कळायला मार्ग नसतो, कारण बरोबर काय यायला हवं होतं हे त्यांनी ठरवलेलंच नसतं. म्हणून माझा एकच हट्ट आहे: रन दाबण्याआधी उत्तराचा अंदाज कागदावर लिहा. चुकला तरी चालेल, पण लिहा.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

यावर लोक उगाच फार घोळ घालतात. कधीच काही केलं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारा फॉल्स्टॅडचा सिम्युलेटर उघडा. त्यात तारांमधून पिवळे ठिपके सरकताना दिसतात. करंट जास्त असेल तर ठिपके जोरात धावतात, आणि तारेचा रंग व्होल्टेजप्रमाणे बदलतो. शाळेतल्या मुलालाही अर्ध्या तासात काय चाललंय ते उमगतं. आर्डुइनो जोडून एलईडी लावायचे असतील तर टिंकरकॅड बरं, तेही ब्राउझरमध्येच चालतं. कॉलेजात मायक्रोकंट्रोलरच्या लॅबला बऱ्याचदा प्रोटिअस असतं, पण ते विकतचं आहे.

गंभीरपणे शिकायचं असेल तर एलटीस्पाइस घ्या. ते अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचं आहे, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही झटपट चालतं. पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरच हवं असेल तर एनजीस्पाइस आहे; पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) काढायच्या कीकॅडमध्ये ते आतच बसवलेलं मिळतं. आणि आपल्याकडचा पर्याय म्हणजे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं तयार केलेलं ईसिम. त्याच्या पोटातही कीकॅड आणि एनजीस्पाइसच आहेत. ज्यांना पुढे पीसीबी करायची आहे त्यांनी ईसिम किंवा कीकॅडनं सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. पुढची उदाहरणं मी एलटीस्पाइस डोळ्यांसमोर ठेवून देतो आहे, पण बटणांच्या जागा सोडल्या तर सगळीकडे कथा तीच.

ती तीच असण्याला कारण आहे. या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष एकच, बर्कलीचा स्पाइस. १९६९-७०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे रॉन रोहरर नावाच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या मुलांना सर्किट सोडवणारा प्रोग्राम लिहायला लावला. पास की नापास ते ठरवणार होते तिथलेच प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन. मुलं पास झाली. त्या वर्गातल्या लॅरी नेगलनं ते काम पुढे नेलं आणि १९७३ साली स्पाइस या नावानं तो प्रोग्राम जगापुढे आला. १९७५ साली दुसरी आवृत्ती आली, आणि १९८९ साली फोरट्रान सोडून सी भाषेत लिहिलेली तिसरी. विद्यापीठानं तो कुलूप लावून ठेवला नाही, म्हणून तो सगळीकडे पोचला. त्या काळी सर्किट पंच कार्डांच्या गठ्ठ्यावर लिहून मशीनला द्यायचे आणि पहिल्या कार्डावर शीर्षक असायचं. आजही हातानं नेटलिस्ट लिहिली तर पहिली ओळ शीर्षक म्हणून सोडून दिली जाते. तिथे चुकून रेझिस्टर लिहिलात तर तो सर्किटमधून बिनबोभाट गायब होतो.

आत नेमकं काय चालतं?

तुम्ही चित्र काढता, पण सिम्युलेटरला चित्र दिसत नाही. त्याला मिळते एक यादी, तीच नेटलिस्ट. एका ओळीत एक पार्ट: त्याचं नाव, तो कोणत्या दोन नोडच्या मध्ये आहे, आणि त्याची किंमत (व्हॅल्यू). नोड म्हणजे तारांनी एकमेकांना जोडलेली सगळी टोकं मिळून एक बिंदू. तार स्क्रीनवर लांब काढा की आखूड, त्याच्या लेखी ती शून्य रोधाची.

मग प्रत्येक नोडसाठी तो अकरावी-बारावीत शिकलेला किरचॉफचा नियम लावतो: नोडमध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. दहा नोड असतील तर तेवढी समीकरणं. ती एकत्र सोडवली की प्रत्येक नोडचं व्होल्टेज मिळतं. इथेच ग्राउंडचा प्रश्न येतो. नवख्या माणसाची सगळ्यात पहिली चूक म्हणजे ग्राउंडचं चिन्ह न लावणं. पर्वती किती उंच आहे, या प्रश्नाला ‘कुठून मोजायची, पायथ्यापासून की समुद्रसपाटीपासून?’ हे ठरल्याशिवाय उत्तर नसतं. व्होल्टेजचंही तसंच आहे. एक नोड शून्य ठरवला की बाकीच्यांना किंमत येते. बॅटरीवरच्या सर्किटला खरोखर जमिनीत तार गाडायची नसते, तरी सिम्युलेटरला शून्य लागतंच.

रेझिस्टर असतात तोवर हे सोपं असतं. डायोड आला की समीकरणं वाकडी होतात, कारण डायोडवरचं व्होल्टेज साठ-सत्तर मिलिव्होल्टनं वाढलं की त्यातला करंट जवळजवळ दहापट होतो. असलं समीकरण एका फटक्यात सुटत नाही. म्हणून प्रोग्राम आधी एक अंदाज धरतो, त्या अंदाजापाशी वक्र रेषा सरळ आहे असं समजून उत्तर काढतो, ते उत्तर नवा अंदाज म्हणून वापरतो, आणि दोन उत्तरांतला फरक नगण्य होईपर्यंत हेच करत राहतो. गणितवाले याला न्यूटन-रॅफसन म्हणतात. फरक कमीच होत नसेल तर ‘कन्व्हर्जन्स’ झालं नाही, असा लाल अक्षरांतला निरोप येतो. तो निरोप दिसला की मुलं सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करायला लागतात. तसं करू नका. नव्वद टक्के वेळा एखादा पार्ट उलटा लागलेला असतो, कुठलं तरी टोक लोंबकळत असतं, किंवा सप्लाय शून्य सेकंदात उसळी मारतो आहे असं तुम्ही सांगितलेलं असतं.

काळाबरोबर काय बदलतं ते बघायचं असेल तर हीच कसरत तो क्षणाक्षणाला करतो. या प्रकाराला ट्रान्झिएंट म्हणतात, आणि शिकणाऱ्याचा बराच वेळ यातच जातो. फक्त स्थिर व्होल्टेज हवी असतील तर ऑपरेटिंग पॉइंट. फिल्टर किंवा अँप्लिफायर कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती साथ देतो ते बघायला एसी अ‍ॅनालिसिस. एसी अ‍ॅनालिसिसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यात सिग्नल नेहमी चिमुकला समजला जातो. पाच व्होल्टच्या सप्लायवरचा अँप्लिफायर तिथे खुशाल हजार व्होल्टचं आउटपुट दाखवील, कारण क्लिपिंग, म्हणजे सप्लायच्या मर्यादेला सिग्नल कापला जाणं, त्या गणितात नाहीच.

पहिलं खरं सर्किट: बारा व्होल्टचा सप्लाय

पहिल्या दिवशी एक बॅटरी, दोन रेझिस्टर करून बघा, त्यावर जास्त रेंगाळू नका. मग १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडची जोडी घ्या: १ मिलिसेकंदात कपॅसिटर ६३ टक्के भरायला हवा. भरला, तर सॉफ्टवेअर कळलं. खरी मजा यापुढे आहे.

बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७च्या चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि लोड म्हणून १०० ओहमचा रेझिस्टर. हे सर्किट डिप्लोमाच्या प्रत्येक लॅबमध्ये आहे आणि त्यात नवशिक्यासाठी पुरेसे खड्डेही आहेत.

आधी कागद. बारा व्होल्ट ही आरएमएस, म्हणजे एसी मीटरवर दिसणारी किंमत, म्हणजे शिखर त्याच्या १.४१४ पट, जवळपास १७ व्होल्ट. करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, तिथे दीड व्होल्ट गेले. उरले साधारण साडेपंधरा. १०० ओहममधून त्याचा करंट ०.१५ अँपिअरच्या आसपास. आपली लाइन ५० हर्ट्झची, ब्रिजमुळे दर १० मिलिसेकंदांनी एक शिखर येतं. मधल्या वेळात कपॅसिटर लोडला पोसतो. ०.१५ अँपिअर गुणिले ०.०१ सेकंद, भागिले ०.००१ फॅरड: दीड व्होल्टचा रिपल, म्हणजे आउटपुटचा चढउतार. हे लिहून ठेवा.

आता स्क्रीन. ट्रान्सफॉर्मर काढायची गरज नाही, त्याच्या सेकंडरीच्या (आउटपुटच्या गुंडाळीच्या) जागी साइन वेव्हचा सोर्स ठेवा. सोर्सच्या खिडकीत अँप्लिट्यूडचा रकाना असतो आणि तिथे जवळपास प्रत्येक जण १२ लिहितो. अँप्लिट्यूड म्हणजे शिखर, तिथे १७ हवेत. १२ लिहिलेत तर आउटपुट साडेदहाच्या आसपास येईल. कागदावर साडेपंधरा लिहिलेलं असेल तर हे लगेच खटकतं. लिहिलेलं नसेल तर साडेदहा व्होल्टही दिसायला छानच असतात.

दुसरा खड्डा ग्राउंडचा. ते ब्रिजच्या ऋण टोकाला, म्हणजे आउटपुटच्या खालच्या तारेला लावा. सोर्सच्या एका टोकालाही सवयीनं लावलंत तर एक डायोड शॉर्ट होतो आणि एकाआड एक अर्ध्या आवर्तनात त्याच्या शेजारच्या डायोडमधून भलताच करंट वाहताना दिसतो. हा दोष नुसता स्क्रीनवरचा समजू नका. लॅबमधल्या नेहमीच्या ऑसिलोस्कोपच्या दोन्ही चॅनेलचं ग्राउंड आत एकच असतं. एका प्रोबची क्लिप ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला आणि दुसरीची आउटपुटच्या ऋण टोकाला लावली की तेच सर्किट प्रत्यक्षात तयार होतं, आणि तिथे डायोडचा वास येतो.

२०० मिलिसेकंदांचं ट्रान्झिएंट लावा, जास्तीत जास्त टाइम स्टेप २० मायक्रोसेकंद ठेवा, नाहीतर साइन वेव्ह कोपरे असलेली दिसू शकते. रन करा. आउटपुटवर क्लिक केलं की रिपल दिसेल, आणि तो दीड व्होल्ट नसून सव्वा व्होल्टच्या आसपास असेल. कोण चुकलं? कुणीच नाही. आपण धरलं होतं की कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत असतो. खरं तर शिखराच्या मिलिसेकंद-सव्वा मिलिसेकंद आधीच डायोड चालू होऊन तो पुन्हा भरायला लागतो. तेवढा वेळ वजा केला की हिशेब जुळतो. कागद आणि स्क्रीन यांच्यातलं हे पाव व्होल्टचं भांडण मिटवताना रेक्टिफायर जेवढा समजतो तेवढा धडा पाठ करून समजत नाही.

आता माउस डायोडवर न्या आणि त्यातला करंट बघा. लोड घेतो ०.१५ अँपिअर, पण डायोडमधून करंट जातो तो सव्वा-दीड मिलिसेकंदाच्या अणकुचीदार झटक्यांनी, आणि प्रत्येक झटका दीड-दोन अँपिअरचा. सर्वांत पहिला, रिकामा कपॅसिटर भरतानाचा, तर पाच अँपिअरच्या घरात. मल्टिमीटरला हे कधीच दिसलं नसतं. कपॅसिटर १००० ऐवजी ४७०० मायक्रोफॅरडचा करा. रिपल कमी होतो, झटके उंच होतात. ‘मोठा कपॅसिटर तेवढा चांगला’ हे वाक्य त्यानंतर तुम्ही जरा जपूनच बोलाल.

एका अक्षराचे घोटाळे

स्पाइसला कॅपिटल आणि स्मॉल यांतला फरक कळत नाही. त्यामुळे एम लिहिलंत की तो मिलि समजतो, मग तुमच्या मनात मेगा का असेना. १ मेगाओहमसाठी ‘मेग’ असं पूर्ण लिहावं लागतं. नुसतं १ एम लिहिलं तर तिथे एक मिलिओहम, म्हणजे जवळजवळ शॉर्ट बसतो. मायक्रोसाठी इंग्रजी यू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एफ. तो फॅरडचा नव्हे, फेम्टोचा. सुपरकपॅसिटर म्हणून हौसेनं १ एफ लिहिणाऱ्याला फॅरडच्या एक हजार-लाख-कोटीव्या भागाएवढा कपॅसिटर मिळतो, म्हणजे नसल्यातच जमा. फॅरड, ओहम असं एकक लिहूच नका, आकडा आणि लागलं तर मिलि-मायक्रोचं अक्षर एवढंच लिहा.

दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडले तर मधल्या नोडला डीसीची वाटच उरत नाही, आणि त्याचं व्होल्टेज किती हे समीकरणातून ठरत नाही. तिथून ग्राउंडला एक मोठा रेझिस्टर, समजा १ गिगाओहम, लावला की तक्रार थांबते.

आणि एक सर्किट असं आहे की त्यानं भलेभले चक्रावतात: दोन ट्रान्झिस्टरचा अ‍ॅस्टेबल मल्टिव्हायब्रेटर, आलटून पालटून दोन एलईडी लावणारा. बीसी५४७ची जोडी, ४७ किलोओहम, १० मायक्रोफॅरड. प्रत्येक एलईडी सेकंदाचा तिसरा भाग पेटायला हवा. ब्रेडबोर्डवर तो पहिल्या फटक्यात चालतो. सिम्युलेटरमध्ये बरेचदा दोन सरळ रेषा येतात, दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू, आणि हालचाल शून्य. कारण स्क्रीनवरचे दोन ट्रान्झिस्टर अगदी एकसारखे आहेत आणि तिथे नॉइज नाही. कुणी आधी चालू व्हायचं हे ठरतच नाही. दुकानातून आणलेले दोन बीसी५४७ एकसारखे कधीच नसतात, म्हणून तिथे भांडण आपोआप सुरू होतं. उपाय सोपा आहे: एक रेझिस्टर ४७ ऐवजी ४६ किलोओहमचा करा, सप्लाय शून्यापासून वर चढवा, किंवा एका कपॅसिटरला सुरुवातीचं व्होल्टेज द्या.

स्क्रीनवर धूर निघत नाही

सप्लायच्या त्या सर्किटमधल्या १०० ओहमच्या रेझिस्टरकडे परत या. त्यावर १५ व्होल्ट. वर्ग करून १०० नं भागा: सव्वादोन वॅट. सिम्युलेटरनं यावर चकार शब्द काढलेला नाही आणि काढणारही नाही. तपकीर गल्लीतले काका मात्र विचारतात.

‘काका, शंभर ओहम द्या एक.’

‘किती वॅट? पाव देऊ?’

पाव वॅटचा नेलात तर मिनिटाभरात काळा पडेल. इथे पाच वॅटचा वायरवाउंड हवा. स्क्रीनवर ऑल्ट दाबून पार्टवर क्लिक केलं की पॉवर दिसते. ती प्रत्येक रेझिस्टरसाठी बघायची सवय स्वतःलाच लावावी लागते.

कपॅसिटरचंही तेच. सिम्युलेटरच्या दृष्टीनं १००० मायक्रोफॅरड म्हणजे १००० मायक्रोफॅरड, तो किती व्होल्टचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. साडेपंधरा व्होल्टला १६ व्होल्टचा कपॅसिटर चालेल असं वाटतं. लाइन २३० ऐवजी २५० झाली तर सोर्सच्या रकान्यात १७ ऐवजी साडेअठरा लिहून बघा: आउटपुट सतरापर्यंत जातं. म्हणून २५ व्होल्टचा घ्यायचा. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. एलटीस्पाइसमधल्या ‘स्टेप’च्या सूचनेनं ८००, १००० आणि १२०० असे तिन्ही आकडे एकाच वेळी चालवता येतात आणि सर्वांत वाईट रिपल किती ते कळतं. मी तर रिपोर्ट तपासताना हाच ग्राफ आधी शोधतो.

मग पार्ट आणा, जोडा आणि मोजा. आकडे जुळणार नाहीत. ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढून मल्टिमीटरनं सेकंडरीचा रोध मोजा. छोट्या ट्रान्सफॉर्मरला एक-दोन ओहम सहज निघतात. तेवढा रेझिस्टर स्क्रीनवरच्या सोर्सला सिरीजमध्ये लावा. डायोडमधले झटके बसके आणि रुंद होतात, शिखर खाली येतं, आणि मीटरवरचा आकडा ओळखीचा वाटायला लागतो. लोड काढल्यावर मात्र खऱ्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज छापलेल्या बारापेक्षा चांगलंच वर जाईल, कारण ते बारा पूर्ण लोडला धरलेले असतात. त्यासाठी सोर्सचे १७ बदलून, मोजलेल्या नो-लोड व्होल्टेजच्या १.४१४ पट लिहा, आणि तो रेझिस्टर तसाच राहू द्या.